शुभवर्तमान आणि रोजमेळ

अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चमधून उन्हाळ्याच्या सुटीत परदेशी जाणाऱ्या तुकड्या तिथे जाऊन काय करतात, हे पूर्वी एका दमात सांगता येई. शाळेच्या भिंती रंगवतात, विहीर खणतात, लोकांचे दात तपासतात, मुलांना गाणी शिकवतात आणि संध्याकाळी सुवार्तेची सभा घेतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत यात एका नव्या प्रकारच्या तुकडीची भर पडली. हिच्यात निवृत्त बँक-व्यवस्थापक असतो, एखादी हिशेबनीस बाई असते, गॅरेजचा मालक किंवा घरबांधणीचा कंत्राटदार असतो. युगांडा, रवांडा, ग्वातेमाला, फिलिपिन्स अशा देशांत ही मंडळी आठ-दहा दिवसांसाठी उतरतात. एखाद्या चर्चच्या सभागृहात भाजी विकणाऱ्या, कपडे शिवणाऱ्या, कोंबड्या पाळणाऱ्या लोकांना खर्च, किंमत, नफा, बचत आणि गिऱ्हाईक हे विषय शिकवतात. दिवस प्रार्थनेने सुरू होतो. प्रत्येक धड्याला पवित्र शास्त्रातला उतारा जोडलेला असतो. खोट्या मापाचा देवाला तिटकारा असतो, हे सांगून वजनकाट्याचा धडा घेतला जातो. मालकाने चाकरांना सोपवलेल्या मोहरांचा दृष्टांत भांडवलाच्या धड्याला येतो, आणि नफ्याच्या धड्यात दशमांश येतोच. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे वाटतात, फोटो निघतात आणि तुकडी परत जाते.

याचा उपयोग किती होतो आणि कुणाला होतो, यावर खुद्द ख्रिस्ती वर्तुळात कडाक्याचे वाद आहेत. बाहेरून येणारी टीका तर जुनीच आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. गरिबाला धंदा शिकवण्याला माझी हरकत नाही आणि कुणी आपला धर्म उघडपणे सांगितला म्हणून माझ्या पोटात दुखत नाही. मला खुपते ती आठवड्याची मुदत. या कामाचा तीनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर जे टिकले ते राहणाऱ्यांनी केलेले आहे. अलीकडच्या अर्थशास्त्रीय प्रयोगांतूनही साधारण तेच निघते.

समर्थक पहिला दाखला पौलाचा देतात. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या अठराव्या अध्यायात पौल करिंथला येतो आणि अक्विला व प्रिस्किला या जोडप्याच्या घरी राहतो, कारण दोघांचा आणि त्याचा धंदा एकच, तंबू बनवण्याचा. या एका उल्लेखावर आजच्या ‘धंदा हेच मिशन’ विचारसरणीची बरीच इमारत उभी आहे. पण पौल तिथे कुणाला तंबू शिवायला शिकवत नव्हता. मंडळीवर आपला भार पडू नये म्हणून तो स्वतः राबत होता. आणि करिंथला तो दीड वर्ष राहिला, हेही त्याच अध्यायात लिहिले आहे. आजच्या तुकडीचा भार बहुधा यजमान मंडळीच्या स्वयंपाकघरावर पडतो.

मोरावियन बंधुमंडळाने पौलाचा कित्ता जास्त प्रामाणिकपणे गिरवला. जर्मनीतल्या हेर्नहूटहून १७३२ साली लिओनार्ड डोबर हा कुंभार आणि डेव्हिड निट्शमान हा सुतार वेस्ट इंडिजमधल्या डॅनिश सेंट थॉमस बेटावर गेले, ते हातांच्या कसबावर पोट भरण्याच्या तयारीने. पुढे सुरिनाममध्ये याच मंडळींनी १७६८ साली पारामारिबोत शिंप्याचे दुकान काढले. त्यातून वाढलेली केर्स्टेन कंपनी त्या देशातल्या मोठ्या व्यापारी घराण्यांत गणली गेली. मात्र ज्या समाजात धंदा करायचा त्या समाजाची अर्थव्यवस्था गुलामगिरीवर चाले. मिशनने मळे घेतले, तेव्हा मळ्यांबरोबर गुलामही घेतले. गुलामांना तारणाची वार्ता सांगायला गेलेले लोक गुलामांचे मालक झाले. बाजारात उतरलेला धर्म बाजाराचे नियम किती सहज स्वीकारतो, याचे इतके ठळक उदाहरण दुसरे नसेल. आजच्या अभ्यासक्रमांत मोरावियनांचे नाव आदराने येते, मळ्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

आपल्या दारापर्यंत आलेली कथा बाझल मिशनची आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात १८१५ साली स्थापन झालेल्या या मिशनचे तीन प्रचारक १८३४ मध्ये मंगळूरला उतरले. कारखाने काढण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता, परिस्थितीने तो गळ्यात टाकला. बाप्तिस्मा घेणारा माणूस जातीबाहेर पडे. जातीबरोबर घर, कुळाची जमीन आणि वडिलोपार्जित धंदा हे सारे जाई. दक्षिण कानड्यातले बरेच नवख्रिस्ती ताडी काढणाऱ्या बिल्लव समाजातून आलेले होते. दारूविरोधी मिशनला त्यांचा तो धंदा चालू ठेवणे शक्य नव्हते. म्हणजे धर्मांतराने निर्माण केलेली बेकारी मिटवण्याची जबाबदारी मिशनवरच आली. शेती करून पाहिली, सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, छपाई करून पाहिली. काही प्रयोग साफ बुडाले. विणकाम जमले. खाकी कापडाच्या रंगाचे श्रेय मंगळूरच्या त्या मागशाळेतल्या हॉलर नावाच्या विणकर मिशनऱ्याला देतात. या श्रेयाला इतर दावेदारही आहेत.

खरे यश आले ते मातीत. गेओर्ग प्लेब्स्ट या तंत्रज्ञ मिशनऱ्याने १८६५ साली नेत्रावती नदीकाठी जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. नदीकाठची चिकणमाती, युरोपी धर्तीचा साचा आणि एकात एक अडकणारी सपाट कौले. नळ्यांची कौले दर पावसाळ्याआधी परतावी लागत. या कौलांनी ते काम पुष्कळ कमी केले. कोकणात आणि गोव्यात दोन पिढ्यांपूर्वीचे कुठलेही बरेसे घर पाहा, त्यावर मंगलोरी कौले असणारच. मिशनचे कौलांचे कारखाने पुढे सात झाले आणि मलबारपर्यंत पसरले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीनच वर्षांत, १८६८ मध्ये, आल्बुकर्क या स्थानिक घराण्याने आपला कारखाना उभा केला, आणि मग मंगळूर परिसरात कौलांचा धंदा मिशनच्या हाताबाहेर गेला. मिशनने यासाठी कुणालाही उद्योजकतेचा अभ्यासक्रम शिकवलेला नव्हता. कारखाना समोर चालू होता, त्यात काम करणारे लोक तंत्र घेऊन बाहेर पडत होते आणि पैसेवाले शेजारी पाहत होते.

या साऱ्या धंद्यांनी बाझलच्या धर्मनिष्ठ मंडळींची झोप उडाली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. मिशनने नफा कमवावा का? नोकरीसाठी येणारा माणूस श्रद्धेने येतो की पोटासाठी? कारखान्याचा व्यवस्थापकच मंडळीचा वडील असेल तर मजुराने त्याच्याशी मजुरीवरून भांडायचे कसे? उपाय म्हणून कौलांच्या कारखान्याआधीच, १८५९ साली, व्यापारासाठी वेगळी कंपनी काढण्यात आली होती. तिचे भांडवल वेगळे, हिशेब वेगळे, आणि जास्तीचा नफा मिशनच्या कामाला. प्रश्न मिटला नाही, पण निदान कागदावर गल्ला आणि वेदी यांच्यामध्ये एक भिंत आली. पहिल्या महायुद्धात मिशनमधल्या जर्मन माणसांमुळे इंग्रज सरकारने हे उद्योग ताब्यात घेतले आणि ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या नव्या कंपनीकडे गेले. प्रचारक गेले तरी कौले निघत राहिली.

आपल्याकडे घाटावर याच प्रश्नाला दुष्काळाने वेगळे वळण दिले. १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत अनाथ झालेली मुले मिशनच्या दारात आली आणि त्यांच्या हाताला काम देणे भाग पडले. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मराठी मिशनने सर दिनशा पेटिट यांच्या नावाची उद्योगशाळा चालवली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे चर्चिल नावाच्या अमेरिकन अभियंता मिशनऱ्याने हातमागात सुधारणा करण्याचे काम केले. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात विणकाम, शिवण, तेलघाणा, शेती आणि छापखाना हे सगळे बायका चालवत. रमाबाईंचे मराठी बायबल तिथल्याच बायकांनी जुळवले आणि छापले.

पण रमाबाईंच्याच आयुष्यात या लेखाचा सर्वांत अवघड प्रश्न आधी येऊन गेला होता. १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले आणि पुढे पुण्याला गेलेले शारदा सदन अमेरिकेतल्या वर्गणीवर चाले, आणि तिथे धर्मप्रसार होणार नाही असे सांगण्यात आले होते. रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की दार मी उघडे ठेवते, कुणाला बोलावत नाही. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांना ते पटले नाही. १८९३ साली ते सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्रय, अन्न, शिक्षण देणारा हात आणि प्रार्थनेला जोडलेला हात एकच असला, की दार नुसते उघडे आहे हे म्हणणे कितपत खरे उरते? दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, म्हणूनच तो वाद आजही जुना वाटत नाही.

आफ्रिकेतल्या इतिहासावर फार थांबण्याचे कारण नाही. प्रवासी मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनने डिसेंबर १८५७ मध्ये केंब्रिजला भाषण देऊन व्यापार आणि ख्रिस्ती धर्म यांची जोडी जाहीर केली, आणि गुलामांचा व्यापार मोडायचा तर दुसरा कायदेशीर व्यापार आणला पाहिजे हे त्याचे म्हणणे त्या काळी तर्कशुद्ध होते. युगांडात १९०३ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या उद्योगकामातून युगांडा कंपनी निघाली. तिच्या बोरुप नावाच्या माणसाने कापसाचे बी आणून सरदारांमार्फत शेतकऱ्यांत वाटले आणि थोड्याच वर्षांत कापूस हे त्या देशाचे मुख्य निर्यातपीक झाले. कुणाच्या फायद्याचे, हा वसाहतवादाचा मोठा प्रश्न आहे. इथे एवढेच पाहायचे की याही ठिकाणी बी, कंपनी, जिनिंगचे यंत्र आणि खरेदीदार अशी आख्खी साखळी होती.

शिकवणीचा प्रकार या परंपरेत उशिरा शिरला. दुसऱ्या महायुद्धानंतर मेनोनाइट पंथातल्या अमेरिकन व कॅनेडियन व्यापाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘मेडा’ ही संस्था काढली आणि पॅराग्वेतल्या आपल्याच पंथाच्या निर्वासित वसाहतींत दूधधंद्याला भांडवल पुरवले. तिथे शिकवण्यापेक्षा भागीदारीला महत्त्व होते. १९७० च्या दशकात ‘ऑपॉर्च्युनिटी इंटरनॅशनल’सारख्या ख्रिस्ती संस्था छोट्या कर्जांत उतरल्या. पुढचे वळण युक्रेनच्या झापोरिझिया शहरात आले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरजवळचे एक चर्च तिथे अन्न, कपडे आणि औषधांचे कंटेनर पाठवत असे. काही वर्षांनी तिथल्या पाळकांनी अमेरिकन पाहुण्यांना सांगितले की तुमच्या मदतीने आमचे नुकसान होते आहे. फुकटच्या मालापुढे स्थानिक माणसाचा माल खपणार कसा? त्या पाहुण्यांत जेफ रट हे घरबांधणी व्यावसायिक होते. त्यांनी १९९७ मध्ये छोटी कर्जे देणारी ‘होप इंटरनॅशनल’ सुरू केली. मिशनच्या जगात ही गोष्ट आता पुराणकथेसारखी सांगितली जाते, आणि ती सांगण्यासारखीच आहे: दात्याला नको म्हणण्याचे धैर्य घेणाऱ्याने दाखवले.

मॉर्मन पंथाने आपली वेगळी वाट काढली. पंथाचे तरुण दोन वर्षे प्रचार करून घरी परततात तेव्हा फिलिपिन्ससारख्या देशात त्यांना काम नसते. त्यांच्यासाठी स्टीफन गिब्सन या युटातल्या उद्योजकाने १९९९ मध्ये सेबू इथे निवासी उद्योजकता-शाळा काढली. तो पत्नीसह तिथे जाऊन राहिला, हे महत्त्वाचे. मग २००४ मध्ये थायलंडच्या पट्टाया इथे इव्हँजेलिकल ख्रिस्त्यांच्या लॉसान चळवळीची जागतिक बैठक झाली. तिच्यातल्या एका गटाने ‘बिझनेस ॲज मिशन’ या कल्पनेचा जाहीरनामा मांडला: धंदा खरा असावा, नफ्यात असावा, त्यातून समाजाचे आणि श्रद्धेचे काम व्हावे. नावापुरती कंपनी दाखवून व्हिसा मिळवण्याच्या चालीवर या गटाने टीका केली. पण याच सुमारास ही कल्पना अमेरिकेतल्या सामान्य चर्चपर्यंत पोहोचली आणि तिथे तिचे सगळ्यात स्वस्त, सगळ्यात आटोपशीर रूप लोकप्रिय झाले. धंदा काढायला वर्षे आणि भांडवल लागते. धंद्यावर व्याख्यान द्यायला सुटीतला एक आठवडा पुरतो.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाउ यांच्या अंदाजाप्रमाणे या शतकाच्या पहिल्या दशकात दरवर्षी सुमारे १६ लाख अमेरिकन चर्च-सभासद अल्पमुदतीच्या मिशन-यात्रेला परदेशी जात होते. यात धंदा शिकवणारे थोडेच, पण यात्रेचा साचा सगळ्यांचा सारखा. त्या साच्याची सर्वांत रोखठोक चिकित्सा कर्ट व्हेर बीक या समाजशास्त्रज्ञाने केली. तो स्वतः ख्रिस्ती, कॅल्विन विद्यापीठाचा, आणि होंडुरासमध्येच राहणारा. १९९८ च्या मिच वादळानंतर तिथे काही घरे पाहुण्या तुकड्यांनी बांधली, काही स्थानिक संस्थांनी. घर मिळालेल्या कुटुंबांच्या आयुष्यात दोन्हींमुळे पडलेला फरक सारखाच होता. स्थानिक संस्था एक घर सुमारे २,००० डॉलरांत उभे करी. पाहुण्या तुकडीचा विमानभाड्यासकट खर्च सरासरी ३०,००० डॉलरांच्या घरात जाई. यात्रेने जाणाऱ्यांचे आयुष्य बदलते, ते घरी येऊन अधिक दान करतात, हा नेहमीचा बचावही त्याने तपासला. बदल फारसा आढळला नाही. २००९ मध्ये आलेल्या स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट यांच्या ‘व्हेन हेल्पिंग हर्ट्स’ या पुस्तकाने हीच टीका चर्चच्या बाकांपर्यंत नेली. गंमत अशी की पुस्तकाचा एक परिणाम म्हणजे भिंती रंगवणे कमी झाले आणि धंदा शिकवणे वाढले. भिंत रंगवण्यापेक्षा ज्ञान देणे कमी अपायकारक, असा हिशेब बऱ्याच चर्चनी मनाशी केला.

तो हिशेब बरोबर आहे का? छोट्या धंदेवाल्यांना प्रशिक्षण दिल्याने काय होते यावर गेल्या वीस वर्षांत भरपूर प्रयोग झाले आहेत, धर्माशी संबंध नसलेले. जागतिक बँकेतले डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०२१ मध्ये हे सारे एकत्र मांडले. सरासरीने विक्री सुमारे पाच टक्के आणि नफा सुमारे दहा टक्के वाढतो, असे त्यांना आढळले. म्हणजे प्रशिक्षण वाया जात नाही, पण दिवसाला दोन डॉलर कमावणाऱ्या बाईच्या पदरात यातून फार तर वीस सेंट जास्त पडतात.

काय शिकवले जाते, यावर मात्र पुष्कळ अवलंबून आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकात एका प्रयोगात काही धंदेवाल्यांना रीतसर जमाखर्च शिकवला आणि काहींना केवळ ढोबळ नियम: घरचे आणि दुकानाचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवा, एकातून दुसऱ्यात घेतलेत तर चिठ्ठी टाका. पहिल्यांच्या वागण्यात फरक पडला नाही, दुसऱ्यांच्या पडला. आपल्याकडच्या कुठल्याही वाण्याला हे सांगावे लागले नसते. टोगोमध्ये १,५०० छोट्या धंदेवाल्यांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीच्या व्यवसाय-प्रशिक्षणाचा परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला नाही. स्वतः पुढाकार घेण्याची, अडथळ्यापुढे हार न मानण्याची मानसिक तालीम ज्यांना दिली त्यांचा नफा मात्र तीस टक्क्यांनी वाढला. अहमदाबादेत सेवा बँकेच्या सभासद बायकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले तेव्हा वरच्या जातींतल्या हिंदू बायकांना फायदा झाला. ज्यांच्यावर बंधने सर्वांत जास्त त्या मुसलमान बायकांना झाला नाही. पुढे त्याच बँकेच्या दुसऱ्या प्रयोगात मैत्रिणीला बरोबर घेऊन आलेल्या बायकांनी एकट्या आलेल्यांपेक्षा जास्त प्रगती केली.

या निष्कर्षांपुढे परदेशी तुकडीचा वर्ग ठेवून पाहावा. ओहायोतल्या हिशेबनीस बाईंना जे उत्तम येते ते ताळेबंद आणि रोकड-प्रवाह, म्हणजे नेमके तेच, जे शिकवून फारसा फरक पडत नाही. कम्पालातल्या बाजारात उधारी कुणाला द्यावी, पालिकेचा माणूस आला तर काय करावे, नवऱ्याने गल्ल्यातून पैसे उचलले तर काय, दीर गावाहून मदत मागायला आला तर नाही म्हणावे की नाही, हे बाईंना येणार कुठून? वर दुभाष्या मध्ये असतो. एका तासाच्या वर्गातला अर्धा वेळ भाषांतरात जातो. मला तर वाटते, त्या वर्गातला सर्वांत शिकलेला माणूस दुभाष्याच असतो.

समर्थकांकडे याचे एक वजनदार उत्तर आहे. टोगोच्या प्रयोगातली मनाची तालीम हीच तर आम्ही देतो, असे ते म्हणतात. देवाने तुला कसब दिले आहे, तू त्याचा कारभारी आहेस, प्रामाणिक राहा, व्यसन सोड, उद्याचा विचार कर. श्रद्धेने माणसाची उमेद वाढत असेल तर धंदाही वाढेल. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०५ मध्ये असेच काहीसे मांडले आणि त्यावर ग्रंथालये भरली. पण वेबरचा युक्तिवाद प्रयोगाने कधी पारखला गेला नव्हता. तो पारखला गेला फिलिपिन्समध्ये.

‘इंटरनॅशनल केअर मिनिस्ट्रीज’ ही तिथली संस्था अतिगरीब कुटुंबांसाठी स्थानिक पाळकांमार्फत पंधरा आठवड्यांचा कार्यक्रम चालवते. दर आठवड्याच्या बैठकीचे तीन भाग: ख्रिस्ती मूल्ये, आरोग्य, उपजीविका. ग्यारद ब्रायन, जेम्स चोई आणि डीन कार्लन या अर्थशास्त्रज्ञांना संस्थेने आपलाच कार्यक्रम तोडून तपासायची मुभा दिली. कुठल्या वस्तीला तिन्ही भाग मिळणार, कुठल्या वस्तीला धर्माचा भाग वगळून उरलेले दोन, कुठे फक्त धर्म आणि कुठे काहीच नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले. ३२० वस्त्या, ६,२७६ कुटुंबे. असा प्रयोग करू देणाऱ्या संस्थेचे कौतुक करायला हवे. आपले प्रवचन फळते की नाही हे परक्याला मोजू देणे सोपे नाही.

निष्कर्ष २०२१ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आले. धर्मभागाने सहा महिन्यांनंतर लोकांची धार्मिकता वाढलेली दिसली आणि घरचे उत्पन्न सुमारे नऊ टक्के जास्त निघाले. इथपर्यंत वाचून समर्थक टाळ्या वाजवतात. पण पुढे आहे. लोक जास्त तास राबू लागले नव्हते. घरात खाण्यापिण्याचा खर्च वाढला नव्हता, अन्नाची खात्री वाढली नव्हती, मालमत्ता वाढली नव्हती, समाधानही नाही. उलट शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तुलनेत आपण कुठे आहोत असे विचारले असता हे लोक स्वतःला धर्मभाग न मिळालेल्यांपेक्षा खालच्या पायरीवर ठेवत. घरात कुरबुरी वाढल्याचे संकेतही मिळाले. उत्पन्न वाढले आणि खर्च नाही, तर पैसा गेला कुठे, याचे नेमके उत्तर संशोधकांना देता आलेले नाही. चिकाटी वाढल्याने कमाई वाढली असावी, असा त्यांचा जपून मांडलेला तर्क आहे.

मला या प्रयोगात आकड्यांइतकेच लक्षणीय वाटते ते शिकवणारे कोण होते. गावचा पाळक, गावची भाषा, पंधरा आठवडे. अमेरिकन चर्च आपल्या आठ दिवसांच्या यात्रेच्या समर्थनासाठी हा अभ्यास पुढे करते तेव्हा ते दुसऱ्याच्या शेतातले पीक दाखवत असते.

राहिला आमिषाचा प्रश्न. ‘राइस ख्रिश्चन’, म्हणजे भातासाठी ख्रिस्ती झालेला, हा टोमणा जुना आहे. आजच्या वर्गात भात नसतो. प्रमाणपत्र असते, कधी उत्तम योजना मांडणाऱ्याला थोडे बीजभांडवल असते, आणि परदेशी माणसाशी ओळख असते, जी गरीब देशात पैशाइतकीच मोलाची. वर्गाला बसलेल्या बाईला प्रार्थनेत डोके झुकवण्याची सक्ती कुणी करत नाही. पण बक्षिसाचे पैसे ज्याच्या खिशात आहेत तो समोर डोळे मिटून उभा असताना ती खिडकीबाहेर पाहत राहील, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

लपवाछपवीचा प्रकार त्याहून वाईट. धंद्याच्या आडून प्रचार ही चाल फार जुनी आहे. विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालला आला तेव्हा कंपनी सरकार मिशनऱ्यांना थारा देत नव्हते, म्हणून तो काही वर्षे मुदनाबाटीला निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक होता. १८०० मध्ये डॅनिश सेरामपूरला गेला तेव्हा मोकळेपणाने काम करू लागला. आज भारतात मिशनरी व्हिसा वेगळा असतो. पर्यटक म्हणून येऊन धर्मप्रचार करणे हा नियमभंग ठरतो. परदेशी देणगीचा कायदाही २०२० नंतर इतका आवळला आहे की ती आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या एकाच शाखेत उतरावी लागते. त्यामुळे परदेशी तुकड्यांच्या नकाशावर भारत पूर्वीइतका नाही. सरकारचा संशय सरसकट आहे आणि त्यात निरपराध कामेही भरडली जातात, हे खरे. पण पर्यटक व्हिसावर आलेल्या ‘व्यवसाय-प्रशिक्षकां’नी त्या संशयाला खतपाणी घातले, हेही तितकेच खरे.

याचे दुसरे टोक उत्तर कोरियात दिसते. प्योंगयांग विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ २०१० मध्ये सुरू झाले. पैसा आणि प्राध्यापक मुख्यतः इव्हँजेलिकल ख्रिस्ती वर्तुळातले, विषयांत आंतरराष्ट्रीय वित्त आणि व्यवस्थापनही. अट एकच, धर्माचा शब्द काढायचा नाही. विनावेतन शिकवणाऱ्या या माणसांनी ती पाळली. तरीही तिथे हिशेबशास्त्र शिकवून परतणारे एक कोरियन-अमेरिकन प्राध्यापक एप्रिल २०१७ मध्ये विमानतळावर पकडले गेले आणि वर्षभराने सुटले. श्रद्धेने गेलेल्या माणसाने श्रद्धेबद्दल गप्प बसून नुसता नफा-तोटा शिकवावा, याला मिशन म्हणावे का, यावर त्यांच्यातच मतभेद आहेत. माझ्या मते बोलून दाखवणाऱ्यांपेक्षा ही माणसे जास्त अवघड काम करत होती.

यातून वाट काढू पाहणाऱ्या ख्रिस्ती संस्था अलीकडे वर्गाकडून बचत गटाकडे वळल्या आहेत. हा नमुना त्यांचा नाही. १९९१ मध्ये ‘केअर’ या संस्थेने नायजर देशातल्या बायकांबरोबर तो बसवला आणि तिथून तो आफ्रिकाभर गेला. वीस-पंचवीस जणी आठवड्याला ठरलेली रक्कम पेटीत टाकतात. पेटीला तीन कुलपे आणि किल्ल्या तिघींकडे. आपापसांतच कर्ज द्यायचे, व्याज गटालाच, वर्षअखेरीला सगळे वाटून घ्यायचे. भिशी आणि महिला बचत गट पाहिलेल्या मराठी वाचकाला यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. रवांडात ‘होप’ अँग्लिकन चर्चच्या मदतीने असे गट चालवते. प्रशिक्षक तिथलेच, जमाखर्चाचे ढोबळ नियम बैठकीतच शिकवले जातात, सुरुवातीला शास्त्रवचन आणि प्रार्थनाही असते. परदेशातून पैसा येतो तो प्रशिक्षकाच्या पगारापुरता. पेटीत तो पडत नाही. आमिषाचा आरोप तिथे बराच बोथट होतो, कारण पेटीतला पैसा ज्याचा त्याचा आहे. ज्या बाईला प्रार्थना नको असेल, तिला वर्षअखेरीच्या वाटपात आपली पुंजी आणि तिच्यावरचे व्याज घेऊन दुसऱ्या गटात जाता येते.